लाल म्हणजे प्लस

मागच्या खोलीचं कुलूप आईनेच उघडलं. लेक गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पण लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला. भट्टी तिने न्यायची हे आधीच ठरलेलं होतं, तिला नवी जागा मिळाली होती, आणि टेम्पो कधी पाठवू असं ती दबकत विचारत होती. "घाई काही नाही हं काकू," असं ती इतक्यांदा म्हणाली की घाई आहे हे आईने ओळखलं.

खोलीत बारीक धूळ होती आणि सुकलेल्या मातीचा वास होता. कोपऱ्यात भट्टी, एखाद्या बुटक्या कपाटाएवढी. आणि फळीवर लेकीने शेवटी केलेली भांडी, ओळीने, कच्चीच. एक पोटाळ किटली, तिचं झाकण शेजारी पालथं. पेल्यांची रांग. दोन वाडगे. एक उंच सुरई, जिची मान लेकीने मुद्दाम जराशी कलती ठेवली होती; सरळ ठेवली तर ती चौकीदारासारखी दिसते, असं तिचं म्हणणं.

कच्चं भांडं म्हणजे नुसता वाळलेला चिखल. घट्ट धरलं तर कड निघते, ओला हात लागला तर विरघळायला लागतं. आईने एक पेला दोन्ही तळव्यांत घेतला. आत बोटांच्या वळ्या होत्या, तळापासून काठापर्यंत गोल फिरत आलेल्या. तिने आपलं बोट एका वळीत टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. झिजली तर?

त्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, "भट्टी जायच्या आधी ही भांडी भाजायची. एकदाच पेटवू. मग ने म्हणावं तिला."

 नवरा हल्ली बोलतच नव्हता. लोकांच्या घरात, दुकानांत, लिफ्टच्या खोल्यांत तारा ओढण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि सगळी गल्ली त्याला वायरमन म्हणूनच ओळखायची. आईलाही काही जणी वायरमनीण म्हणत. तिला ते आवडायचं नाही, पण ती ओ द्यायची. लेक रस्त्यावर, दुकानात जाता जाता, गाडीखाली गेली, तेव्हापासून वायरमन कुणी बटण बंद करावं तसा झाला होता. खुर्चीत बसला की बसला. ताटावर बोलावलं की यायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. त्याच्या मनगटाची हाडं वर आली होती. आई रोज त्या मनगटाकडे बघायची आणि वाढायची थांबायची नाही.

पण भट्टीचं नाव निघालं तसा तो उठून मागच्या खोलीत आला, आणि भट्टीमागे वाकून बघत म्हणाला, "हे कुणी खाल्लं?"

"मी नाही," आई म्हणाली.

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, पण पाहिलं. तेही बऱ्याच दिवसांनी होतं.

भट्टीच्या मागून भिंतीवरच्या मीटरकडे जाणारी तार उंदरांनी कुरतडून तिचा भुगा केला होता. या भट्टीच्या पाठीत चिनीमातीची एक कांडी खुपसलेली असायची. लेक तिला थर्मोकपल म्हणायची, वायरमन नुसतं कांडी म्हणायचा. आत दोन वेगळ्या धातूंच्या तारा, आतल्या टोकाला एकमेकींना डागलेल्या. ते टोक तापलं की दोन तारांत किंचितशी वीज निर्माण होते, आणि मीटर ती वाचून आत किती आच आहे ते सांगतो. लेकीने हे आईला एकदा माती मळता मळता समजावलं होतं.

"दोन वेगळे धातू पाहिजेत. एकाच धातूच्या दोन तारा जोडल्या तर काही होत नाही."

"म्हणजे माझ्यासारखं आणि तुझ्या बाबांसारखं," आई म्हणाली होती. "भलत्याच दोन जाती, एका टोकाला डागलेल्या."

"म्हणून तर घरात करंट आहे!" लेक म्हणाली होती, आणि दोघी हातांना माती असतानाच हसत सुटल्या होत्या. बाहेरून वायरमनने विचारलं होतं, काय झालं? काही नाही, विजेचं बोलतोय, तुम्हाला नाही कळायचं, असं लेकीने ओरडून सांगितलं होतं.

वायरमन नवी तार आणायला स्वतः गेला. चपला घालून, विंचरून. साधी तार चालत नाही, कांडीच्या धातूशी जुळणारी खास तार लागते, एवढं त्याला लेकीकडून माहीत होतं, आणि दुकानदाराला त्याने ते दोनदा बजावलं. आणलेल्या तारेत दोन पदर होते, एक पिवळा, एक लाल. जुन्या तारेचे रंग उंदरांच्या पोटात गेले होते. पण वायरमनला रंग कुणाला विचारायची गरजच काय? कांडीच्या डोक्यावर दोन स्क्रू, एकाशेजारी अधिकची खूण. त्याने लाल पदर अधिकला लावला. मीटरपाशी आला, तिथेही लाल अधिकला. लाल म्हणजे प्लस. हे त्याच्या बोटांना त्याच्यापेक्षा जास्त पाठ होतं. स्क्रू पिळून झाल्यावर त्याने तारेला हलकासा हिसका देऊन पाहिला, जसा तो आयुष्यभर प्रत्येक तारेला देत आला होता.

आणि तो आळशी कारागीर नव्हता. कांडी भट्टीतून ओढून, लांब तारेसकट ती स्वयंपाकघरापर्यंत आणून त्याने आईला पाणी उकळायला लावलं.

"चहात बुडवू नका म्हणजे झालं," आई म्हणाली.

"चहा शंभराला उकळतो का नाही ते बघायला नको? तुझा चहा कधी नीट उकळलेला मी प्यायलो नाही."

"मग इतकी वर्षं काय प्यायलात?"

"कोमट रंगीत पाणी."

आई पाठमोरी झाली. तिचे डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते, कारण तो असाच आणखी बोलत राहायला हवा होता. पातेल्यातल्या पाण्याला चांगली उकळी फुटली. वायरमनने कांडीचं टोक त्यात धरलं आणि खोलीच्या दारातून मीटरकडे मान लांब केली. आकडे चढत गेले आणि शंभराला येऊन टेकले. "बघ!" तो म्हणाला. "एक अंशाचा फरक नाही." त्या दिवशी त्याने भात मागून घेतला.

भांडी भट्टीत आईनेच लावली. लेकीशेजारी बसून तिने ते अनेकदा केलं होतं. जड खाली, हलकी वर, आणि कच्ची असल्यामुळे एकमेकांना टेकली तरी चालतात. किटलीवर झाकण ठेवूनच भाजायचं, म्हणजे दोन्ही सारखी आकसतात. लेकीची माती लाल होती, दोनदा गाळलेली, आणि ती हजार साठला भाजायची. हा आकडा आईला कुठे शोधावा लागला नाही. लेक तो येता जाता म्हणायची. हजार साठ झाले की बंद, त्याच्यावर गेली की ही माती बसते, तिला दम नाही.

सकाळी भट्टी पेटली. वायरमन मीटरसमोर स्टूल घेऊन बसला. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग आकडे रेंगाळायला लागले.

"एवढा वेळ लागायचा का हो तिला?" आईने विचारलं.

"कॉइल जुनी झाली. इतके दिवस बंद होती, ओल धरली असेल." त्याने भट्टीच्या पाठीशी हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. "पाठ मात्र चांगलीच तापते. भिंतीला फार चिकटून ठेवलीय तिने. मी सांगितलं होतं तेव्हाच."

आईने पुढच्या दाराच्या छिद्रावरची विटेची गुडदी काढून आत डोकावून पाहिलं. लेक हे शेवटी शेवटी करायची, आणि तिच्या खांद्यावरून आईलाही दाखवायची. तेव्हा आत पिकल्या संत्र्याचा रंग असायचा. आता त्याहून उजळ वाटला, पिवळ्याकडे झुकलेला. पण तेव्हा रात्र पडलेली असायची आणि आता खोलीत उन्हं होती. रंग माणूस किती दिवस लक्षात ठेवतो?

"जरा जास्तच उजळ दिसतंय."

वायरमन मीटरकडे बोट दाखवून म्हणाला, "नऊशे ऐंशी. तूच बघ ना. अजून ऐंशी चढायचेत." त्याच्या कपाळावर घाम होता, बाह्या दुमडलेल्या होत्या, आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता. आईने गुडदी परत छिद्रावर लावली.

मीटरवर हजार साठ आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने खटका खाली ओढला.

भट्टी निवायला पुरती रात्र जाऊ द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दार उघडलं आणि ती उघड्या दाराला धरून तशीच उभी राहिली. वायरमन मागून म्हणाला, "काय झालं? तडकलं का एखादं?"

एखादं तडकलं असतं तर ते चाललं असतं. सुरई वाडग्यावर आडवी झाली होती आणि वाडग्याचं तोंड मिटलं होतं. पेले एकमेकांत शिरले होते. किटलीचं पोट खाली बसलं होतं, चोच भट्टीच्या फरशीला चिकटली होती, आणि सगळ्यावर काळपट, काचेसारखी चमक होती, जागोजागी फोड आलेली. बोटांच्या वळ्या कुठेच नव्हत्या. त्या वितळून गुळगुळीत झाल्या होत्या.

वायरमनने खूप वेळ आत पाहिलं. मग मीटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "माती."

"काय?"

"मातीतच काहीतरी गडबड होती. हजार साठच्या वर मी एक अंश जाऊ दिला नाही, तू होतीस ना इथे? मग माती. कालवताना चुकली असेल पोर. घाईची होतीच ती."

 तेव्हा आईलाही काही माहीत नव्हतं. तो वितळलेला गोळा तिने छिन्नीने फरशीपासून सोडवला आणि फळीवर, भांडी होती तिथेच ठेवला.

मैत्रीण भट्टी बघायला आली, तेव्हा वायरमन कोपऱ्यावर चहाला गेला होता. ती आधी त्या गोळ्यापाशी थांबली, वाकून तिने त्याच्यावरची चमक पाहिली. मग ती हलकेच म्हणाली, "काकू, ही हजार साठची नाही. ही निदान अकराशे पंचाहत्तरला गेलीय."

"मीटर मी डोळ्यांनी पाहिलाय."

मैत्रिणीने भट्टीच्या मागे जाऊन कांडीचं डोकं पाहिलं. मग मीटरचं झाकण उघडलं. मग ती स्टुलावर बसली.

"तार उलटी लागलीय," ती म्हणाली. "या तारेत लाल म्हणजे मायनस. ही जातच तशी आहे. इतर सगळीकडे लाल प्लस, फक्त हिच्यात उलटं. काकांनी दोन्हीकडे लाल प्लसला लावली, म्हणून आकडा चढताना दिसतो, कुणाला संशयच येत नाही."

"पण उकळत्या पाण्यात बरोबर दाखवत होता."

"दाखवणारच. तेव्हा कांडीचं डोकं गार होतं. ही तार काय करते, डोक्यापाशी जेवढी गरमी असेल तेवढी मीटरला कळवते, म्हणजे ती हिशेबात धरता येते. उलटी लावली की तेवढीच वजा करते, आणि वर मीटरला ती धरतासुद्धा येत नाही. म्हणजे दुप्पट खोट. डोकं गार असेपर्यंत खोट शून्य. भट्टीची पाठ तापली की वाढत जाते." तिने आईचा हात धरला. "मी वर्गात शिकत होते तेव्हा मीसुद्धा अशीच लावली होती. आमचे सर म्हणाले, जो वायरिंग चांगलं जाणतो तोच इथे हटकून चुकतो. काकू, मी काकांना काही बोलत नाही. नेल्यावर मी गुपचूप सरळ करून घेईन."

"नको बोलूस," आई म्हणाली. तिने विचारही केला नाही.

तिला वाटलं, संपलं. ते भांड्यांबरोबर वितळलं, आता उकरायचं कशाला? वायरमन जेवायला लागला होता. सकाळी उठून बाहेर पडत होता, कुणाच्या घरची बेल, कुणाचा पंखा, बिनपैशाने दुरुस्त करून येत होता. मनगटांवर पुन्हा मांस दिसत होतं. हे आईने देवाकडे मागितलेलंही नव्हतं, कारण मागायचं धाडस नव्हतं.

पण तो ते वाक्य सगळीकडे म्हणायला लागला. शेजारीण विचारायला आली तेव्हा म्हणाला, "भट्टी उत्तम चालली हो. मातीच चुकीची कालवली होती पोरीने." कोपऱ्यावरच्या चहावाल्याला म्हणाला. फोनवर आपल्या धाकट्या भावाला म्हणाला, आणि वर हसून, "हात चांगला होता तिचा, पण धीर नव्हता. लहानपणापासून धांदरट." त्याच्या आवाजात माया होती; लेकीच्या चुका काढल्या की ती जणू घरातच, पलीकडच्या खोलीत असल्यासारखी वाटत असावी. आईला हे कळत होतं. पण माती दोनदा गाळलेली होती. तिसऱ्यांदा गाळू का, असं लेकीने विचारलं होतं आणि आईच म्हणाली होती, पुरे गं बाई, माझे खांदे भरून आले. गेलेल्या माणसाला काय उरतं? त्याचं काम कसं होतं एवढंच लोकांच्या तोंडी राहतं. आणि हा तिचा बाप, चांगल्या मनाने, घरोघर फिरून तेवढंही पुसत होता.

ती रोज ठरवायची आणि रोज त्याच्या ताटाकडे बघून गप्प बसायची. बोलावं तर हा पुन्हा खुर्चीत जाऊन बसेल. न बोलावं तर ती धांदरट ठरून राहील. एकाला वाचवलं की दुसऱ्याला ढकलायचं, असं दोघांच्या मधोमध तिला उभं केलं होतं.

टेम्पो यायच्या सकाळी वायरमन भट्टी पुसत होता. मैत्रिणीला स्वच्छ जावी म्हणून. पुसता पुसता म्हणाला, "तिला सांगायला हवं, ती उरलेली माती वापरू नकोस म्हणून. फेकूनच दे म्हणावं. उगाच तिचंही सामान बिघडेल."

फळीखाली पिंपात ती माती होती, गोणपाटाखाली. लेकीने कालवलेली, आईने मळलेली.

"माती बरोबर होती," आई म्हणाली.

"बरोबर असती तर..."

"अहो, माती बरोबर होती. तार उलटी होती."

वायरमनचा हात थांबला. "कुठली तार?"

"ही. हिच्यात लाल म्हणजे मायनस असतं."

"लाल म्हणजे प्लस," तो सहज म्हणाला, एखाद्या लहान मुलीला सांगावं तसं. मग तिचा चेहरा पाहून त्याने चष्मा शोधला. भट्टीमागे गेला, डोक्याकडे पाहिलं. मीटरचं झाकण काढलं. तारेचं उरलेलं भेंडोळं खिळ्याला टांगलेलं होतं, ते उजेडात नेऊन त्याच्या कवचावरची बारीक अक्षरं वाचली. आईने मैत्रिणीचं सगळं बोलणं, जसं आठवलं तसं, सांगितलं. उकळत्या पाण्याचं सांगितलं. पाठ तापल्याचं सांगितलं. तो कारागीर होता, अर्ध्यातच त्याला पुरतं समजलं होतं, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं.

"तुला कधी कळलं?"

"ती भट्टी बघायला आली होती तेव्हा."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही जेवायला लागला होतात."

वायरमन स्टुलावर बसला. तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला. आईला वाटलं, गेला, पुन्हा गेला. बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"मी सगळ्यांना सांगत सुटलो," तो शेवटी म्हणाला. "चहावाल्यालासुद्धा."

"हो."

"तू ऐकत होतीस."

"हो."

तो उठला. पेचकस घेतला आणि मीटरचे दोन स्क्रू सैल केले, लाल पदर काढला, पिवळा काढला, त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा पिळले. मग भट्टीमागे वाकून तेच केलं. आईने त्याला बॅटरी धरली. हिसका देऊन पाहायचा राहिला आहे हे तिच्या लक्षात आलं, पण तो तसाच उभा राहिला, एक हात भट्टीच्या पाठीवर ठेवून. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला, आणि तोंड उघडं ठेवून, आवाज न करता रडायला लागला. आई शेजारी बसली. तिने त्याला थोपटलं नाही. इतक्या वर्षांत तिला माहीत झालं होतं की त्याला थोपटलेलं आवडत नाही.

पुष्कळ वेळाने त्याने बाहीने नाक पुसलं आणि म्हणाला, "तो गोळा दे जरा इकडे."

आईने तो उतरवला. जड होता. दोघांच्या मध्ये, जमिनीवर ठेवला.

"ही सुरई ना?" वायरमनने एका आडव्या फुगवट्यावर बोट ठेवलं.

"हो. मान इकडे गेलीय बघा."

"आणि हे?"

"पेले. तीन आहेत, एकात एक."

"तीन कुठे? दोनच दिसतात."

"तिसरा खाली दबलाय. त्याचा काठ बघा हा."

तो चष्मा सावरून वाकला. "हां. आहे खरा." मग त्याने गोळा हळूच फिरवला, छिन्नीने धारदार झालेल्या कडेने हात कापू नये म्हणून फडकं धरून. "आणि हे काय होतं?"

आईने पाहिलं. पालथ्या बाजूला एक चपटा तुकडा होता, अर्धा आत गेलेला. तिला तो ओळखू येईना. "झाकण असेल."

"झाकण तर किटलीवरच बसलंय, ते काय."

"मग दुसरं असेल."

"एका किटलीला दोन झाकणं कशाला करेल ती?"

"ते आता तिलाच विचारा," आई बोलून गेली.

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला, आणि मैत्रिणीने काकू म्हणून हाक मारली. दोघंही लगेच उठली नाहीत. वायरमन त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत होता. तो तसाच खाली बघत म्हणाला, "तिला आत बोलाव. मातीचं पिंपही ने म्हणावं. चांगली माती आहे, मी सांगतो तिला."